शेवंतीची कुंडी घेऊन मोरावियात

आईवडील सोडले, तर मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो पाव्हेलसाहेबांचा. ते चेक आहेत. कतारमधल्या मेसईदच्या ज्या खत कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे पंप, कॉम्प्रेसर, टर्बाइन अशा सगळ्या फिरत्या यंत्रांची जबाबदारी त्यांच्याकडे आहे.

मी गंगाखेडचा. वडील जिनिंग मिलमध्ये हमाल होते आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नांदेडला मेकॅनिकलची पदवी घेतली, पण कतारला आलो तो टेक्निशियन म्हणून, कारण मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं. पहिल्याच आठवड्यात पाव्हेलसाहेबांनी मला एका गळणाऱ्या पंपासमोर उभं केलं आणि रिपोर्ट लिहायला सांगितला. मी लिहिलं, 'सील खराब आहे.' त्यांनी कागद परत केला.

"हे तुझं मत झालं," ते म्हणाले. "आधी काय पाहिलंस ते लिही. मग काय मोजलंस ते. मत शेवटी, एका ओळीत. मत आधी लिहिलंस, की डोळे तेच बघायला लागतात."

तेव्हापासून रोज एक रिपोर्ट. ते पेन्सिलीने माझं इंग्रजी दुरुस्त करायचे आणि खाली माझ्या सहीच्या आधी स्वतःच्या हाताने 'इंजि.' लिहायचे. वर्कशॉपमध्ये सगळ्यांदेखत हाक मारायचे, "पाने इन्झेनीरे!" म्हणजे इंजिनिअरसाहेब. सुरुवातीला मला वाटलं, हे टोमणा मारतायत. बरोबरची केरळी पोरं तर चेकाळलीच. "इंजिनिअरसाब, ज़रा पाना देना." पुढे काही वर्षांनी इंजिनिअरच्या जागेसाठी माझं नाव वर पाठवलं, तेही त्यांनीच.

म्हणून यंदा नव्या पंपांची चाचणी बघायला मोरावियातल्या कारखान्यात जायचं ठरलं आणि त्यांनी स्वतःऐवजी माझं नाव दिलं, तेव्हा मला आनंद कमी आणि आश्चर्य जास्त वाटलं. मोराविया हा चेक देशाचा पूर्वेकडचा भाग. पाव्हेलसाहेबांचं गाव त्याच भागात.

कॅन्टीनबाहेर करक चहाचे कप घेऊन आम्ही उभे होतो.

"साहेब, तुम्हीच जा ना. तुमचा देश आहे."

"म्हणूनच नाही जात."

मग त्यांनी सांगितलं. वसंतात त्यांची आई गेली. वडिलांनी काहीच विधी केला नाही. चेक लोकांत हल्ली बरेच जण असं करतात म्हणे, सभागृह नाही, संगीत नाही, भाषण नाही, सरळ दहन. "मी तिकीट काढत होतो, तोवर त्यांनी आटोपलं होतं," साहेब म्हणाले. "मी फोनवर बोलू नये ते बोललो. म्हणालो, तुम्ही आईला भंगारासारखं उचलून दिलंत. त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून त्यांनी केला नाही, मीही नाही."

समोरून शिफ्टची बस गेली.

"नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे दुशिच्की असते. सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर दिवे लावतात. माझ्या वतीने आईसाठी एक दिवा लाव. आमच्याकडे दहनानंतर राख घराण्याच्या कबरीत ठेवतात. कबर कुठे आहे ते म्हातारा दाखवेल."

"तुमच्याविषयी काही बोलू?"

"नको. विचारलंच तर बरा आहे म्हण. आणि तिथून फोन करू नकोस, मला ऐकवणार नाही. काम झालं की दोन ओळी लिही."

या माणसाने मला एवढं दिलं आणि बदल्यात पहिल्यांदाच काही मागितलं, तेही असं, की माझ्या हातून चुकलं तर बापलेकांत उरलासुरला धागाही तुटायचा. पंपांच्या चाचणीची मला एवढी धास्ती नव्हती.

घरी वैशालीने बॅग भरताना विचारलं, "दिवाळीत कुणाच्या घरी जाताय, रिकाम्या हाताने जाणार?" तिने शंकरपाळे आणि चकल्यांचे डबे भरले, मोज्यांत गुंडाळून दोन पणत्या ठेवल्या आणि वर वाती.

"बाबा, दे डोन्ट हॅव दिवाळी देअर," आमची सानिका म्हणाली.

"असू दे. आपल्याकडे आहे ना," वैशाली म्हणाली.

*कारखाना*

प्रागला उतरून रेल्वेने ब्रनोला आणि तिथून कारखान्याच्या गावी गेलो. डब्यात इतकी शांतता, की चकलीचा डबा उघडायचा धीर झाला नाही. लोक एकमेकांकडे बघून हसत नाहीत. मला वाटलं, माणसं तुसडी दिसतात. पण आमच्या खणात जो कोणी शिरला, त्याने सगळ्यांना मिळून 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, म्हटलं आणि उतरताना न विसरता निरोप घेतला. लिफ्टमध्ये तेच, दवाखान्याच्या बाकावर तेच, वाण्याच्या दुकानात तेच. आपण ओळखीच्या माणसाशी तासभर बोलतो आणि अनोळख्याला दिसत नाही असं धरून चालतो. हे लोक बोलत नाहीत, पण समोर माणूस आहे याची नोंद घेतात. दुसऱ्या दिवसापासून मीही सगळीकडे 'दोब्री देन' म्हणू लागलो. दोनदा रिकाम्या लिफ्टला म्हणालो.

कारखाना पहाटे सहाला सुरू होतो आणि दुपारी दोनला माणसं घरी जातात. जेवणात आधी सूप हवंच. मी गाय-बैल खात नाही म्हटल्यावर उपाहारगृहातल्या बाईने मला रोज तळलेलं चीज दिलं. शेवटी तिलाच माझी दया आली असावी. एका दुपारी तिने माझ्यापुढे प्लमचं फळ भरून उकडलेले पिठाचे गोळे ठेवले, वर वितळलेलं लोणी आणि पिठीसाखर. नागपंचमीला आई दिंडं उकडायची, त्याचीच मोरावियातली भावंडं. फरक एवढाच, की हे गोड म्हणून शेवटी खायचं नसतं. हेच जेवण.

पण ज्या गोष्टीने मी खरा सुखावलो, ती म्हणजे दारावरच्या पाट्या. इमारतीच्या घंटीवर, टपालपेटीवर नावाआधी 'इंजि.' लिहिलेलं. किराणा आणायला निघालेल्या म्हाताऱ्यालाही शेजारी 'इंजिनिअरसाहेब' म्हणतात आणि तो ते सहज घेतो. पाव्हेलसाहेब माझी थट्टा करत नव्हते, हे मला इतक्या वर्षांनी त्या टपालपेट्यांपुढे कळलं. त्यांच्या देशात शिकलेल्या माणसाला असंच हाक मारतात. माझ्या वडिलांना ती पाटी दाखवावीशी वाटली.

पंपांची चाचणी चांगली झाली. शुक्रवारी दुपारी कारखाना असा रिकामा झाला, जणू भोंगा वाजला होता. सगळे आपापल्या खेड्यातल्या छोट्या घरांकडे निघाले. कुणी छत दुरुस्त करणार, कुणी सफरचंदं उतरवणार. सुट्टीत आराम करायचा असतो, ही कल्पना त्यांना फारशी मान्य दिसत नाही.

*पाव्हेलसाहेबांचं गाव*

शनिवारी मी निघालो. गावाचं नाव लिहीत नाही, साहेबांना आवडणार नाही. स्टेशनबाहेर फुलांचं दुकान होतं आणि दारात ओळीने शेवंतीच्या कुंड्या होत्या. पिवळ्या, पांढऱ्या, तांबूस. मला भरून आलं. गंगाखेडच्या बाजारात दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत शेवंतीचे ढीग लागतात. दाराला तोरण तिचं, देवाला हार तिचा, गाडीच्या हँडलला माळ तिची. दिवाळीत वडीलधाऱ्याच्या घरी जायचं, तर याहून चांगलं काय न्यायचं? सगळ्यांत मोठी पिवळी कुंडी घेतली. दुकानातल्या बाईने तिच्याबरोबर लाल काचेचा एक दिवाही पुढे केला. तो मला हवाच होता.

साहेबांच्या घराच्या फाटकाशी एक चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या. शेजारच्या लेंकाताई. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवतात, म्हणून पाव्हेलसाहेबांनी त्यांनाच माझ्या येण्याचं कळवलं होतं. त्यांनी माझ्या कुंडीकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दार उघडलं.

साहेबांचे वडील, योझेफ आजोबा, ऐंशीच्या घरातले, उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले. मी वाकून नमस्कार केला, कुंडी दोन्ही हातांनी पुढे केली आणि पाठ केलेलं चेक वाक्य म्हटलं, "तुमच्यासाठी आणली."

ते कुंडीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग लेंकाताईंना चेकमध्ये काही म्हणाले.

लेंकाताईंनी गळा साफ केला. "ते म्हणतायत, इतकी घाई का? मी अजून जिवंत आहे."

माझ्या काही लक्षात येईना. तेव्हा त्यांनी हळू आवाजात समजावलं, की इथे शेवंती फक्त कबरीवर नेतात. घरी कोणी कोणाला देत नाही. मी इंग्रजीत, हिंदीत, शेवटी मराठीत माफी मागितली. आमच्याकडे हे सणाचं फूल आहे, आज आमची दिवाळी आहे, एवढं लेंकाताईंनी त्यांना सांगितलं. आजोबांनी कुंडी हातात घेऊन पाकळ्या निरखल्या.

"चांगली निवडलीय," ते म्हणाले. "मारियाला पिवळीच आवडायची. कॉफी घेऊ, मग तिकडेच नेऊ." मारिया म्हणजे साहेबांची आई.

चपला बाहेर काढायच्या, हे आपल्यासारखंच. पण आपण अनवाणी आत जातो, तिथे पाहुण्यासाठी सपाता ठेवलेल्या असतात. दाराशी चार-पाच जोड होते. मी सर्वांत जवळच्या निळ्या सपातांत पाय घालणार, तोच आजोबांनी काठी आडवी धरली.

"त्या नको." आणि दुसरा, टाचेला झिजलेला जोड माझ्यापुढे सरकवला.

स्वयंपाकघरात चूल, लाकडी टेबल, फळीवर रेडिओ आणि रेडिओशेजारी झाकणाचं एक साधं करडं भांडं. आजोबांनी काचेच्या पेल्यात कॉफीची पूड टाकून वर उकळतं पाणी ओतलं. गाळायची नाही, गाळ खाली बसू द्यायचा. शंकरपाळे त्यांना फार आवडले. चकली त्यांनी उजेडाकडे धरून फिरवली आणि विचारलं, "हे कुठल्या साच्यातून काढता?" मी मोबाईलवर सोऱ्याचं चित्र दाखवलं. आजोबांनी आयुष्यभर त्याच पंपांच्या कारखान्यात सुटे भाग तपासले होते. आटे आणि दांडा पाहून त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे."

पाव्हेलसाहेबांचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

*दिव्यांचं स्मशान*

आमच्याकडे स्मशानाकडे कोणी विनाकारण फिरकत नाही, बायकामुलं तर नाहीच. इथे सगळा गाव लोटला होता. बाया गुडघे टेकून कबरींचे दगड घासत होत्या, मुलं पाण्याच्या झाऱ्या वाहत होती, पुरुष पाइनच्या फांद्या कापून मांडत होते. कोणी रडत नव्हतं. दिवाळीआधी आपण अंगण सारवतो, तशी सगळी लगबग. संध्याकाळ उतरायला लागली तसे शेकडो लाल दिवे पेटले. एक आजी कबरीपुढच्या बाकावर बसून थर्मासमधून चहा पीत होती आणि अधूनमधून दगडाशी बोलत होती.

आजोबांनी कुंडी त्यांच्या घराण्याच्या दगडापुढे ठेवली. मी दिवा काढला आणि मारिया हे नाव शोधू लागलो, म्हणजे दिवा बरोबर तिथे ठेवता येईल. दगडावर दोन नावं होती. आजोबांचे वडील, आजोबांची आई. खाली कोरी जागा.

"मारियाआजींचं नाव कुठे आहे?" मी लेंकाताईंना विचारलं. "मला त्यांच्यासाठी दिवा लावायचाय."

आजोबांनी दगडावरची पानं झटकली. मग बोलले आणि लेंकाताईंनी ते सांगितलं, तेव्हा त्यांचाही आवाज बदलला होता. "ती इथे नाही. ती घरी आहे."

रेडिओशेजारचं करडं भांडं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

गंगाखेड गोदावरीच्या काठावर आहे. लांबलांबून लोक अस्थी घेऊन आमच्या घाटावर येतात. घाटाच्या वाटेवर आमचं घर. लोक पाणी मागायला थांबायचे, पण लाल फडक्यात बांधलेलं ते गाडगं कधी कोणाच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही. लिंबाच्या फांदीला टांगून ठेवायचं, म्हणजे जमिनीलाही टेकत नाही, घरातही येत नाही. आणि मी त्या भांड्याखाली बसून कॉफी प्यायलो होतो. खरं सांगायचं, तर माझ्या अंगावर काटा आला.

"पण का?" मी विचारलं. साहेबांनी बोलू नको म्हटलं होतं. पण हा प्रश्न त्यांच्याविषयी आहे, हे मला विचारल्यावर समजलं.

आजोबा बाकावर बसले. "तिनेच सांगितलं होतं. घड्याळाकडे बघणारी माणसं नकोत, भाड्याचं संगीत नको. म्हणाली, पाव्हेल येईल तेव्हा तुम्ही दोघं मला आईआबांपाशी ठेवा आणि घरी जाऊन सूप प्या. एवढंच. म्हणून मी थांबलोय. दगड कोरणाऱ्यालाही थांबायला सांगितलंय."

"हे त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, तुम्ही घाईने आटोपलंत."

"त्याने विचारलं नाही. तो ओरडला. ओरडणाऱ्याला मी उत्तर देत नाही."

"योझेफ, तुम्हीही काही कमी नाही," लेंकाताई म्हणाल्या. आधी चेकमध्ये, मग मला इंग्रजीत, म्हणजे मीही साक्षीदार असावा.

"मी हे पाव्हेलसाहेबांना सांगू का?" मी विचारलं.

"त्याने तुला काय काम दिलंय?"

"दिवा लावायचा. आणि दोन ओळी लिहायच्या."

"मग लिही," आजोबा म्हणाले. "माझी बाजू मांडू नकोस. तुझं मतही आधी घालू नकोस. काय पाहिलंस ते लिही."

ही शिस्त मी कुठून शिकलो आणि ज्यांनी शिकवली ते कुठून शिकले, हे मला त्या बाकापाशी समजलं.

परत आलो तेव्हा माझे पाय उंबऱ्यापाशी अडले. स्मशानातून आल्यावर पाणी घेतल्याशिवाय आत जायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी संकोचत लेंकाताईंना सांगितलं. आजोबांनी कारण विचारलं नाही. बागेच्या नळाशी गेले, बादली भरून आणली. मी हातपाय धुतले. पाणी बर्फासारखं होतं. मग त्यांनीही बाह्या सरसावून हात धुतले आणि लेंकाताईंकडे पाहिलं. त्यांनाही धुवावे लागले.

जेवायला सूप होतं आणि मैद्याचा वाफवलेला लांबट उंडा. तो सुरीने कापत नाहीत, दबतो. आजोबांनी शिवणाचा दोरा त्याच्याखालून घेतला, वर ओढला आणि एकसारख्या चकत्या पाडल्या. प्लमच्या घरगुती दारूचा छोटा पेला पुढे आला. मी पीत नाही म्हटलं, तर ते म्हणाले, "नको पिऊ. पण डोळ्यांत बघून पेला उचल." तेवढं केलं.

जेवणानंतर मी बॅगेतून पणती काढली. साहेबांचं काम अजून राहिलं होतं. लाल दिवा आम्ही आजोबांच्या आईवडिलांपाशी ठेवून आलो होतो, पण जिच्यासाठी मला पाठवलं होतं, ती इथे होती. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या जागी दिवा ठेवतात, विझू देत नाहीत, असं मी सांगितलं. आजोबांनी सूर्यफुलाच्या तेलाची बाटली आणली.

"हे चालेल?"

"चालेल."

मी वात लावली आणि पणती फळीवर त्या भांड्याशेजारी ठेवली. मघाचा काटा पुन्हा आला नाही. आजोबा चष्मा लावून ज्योतीकडे बघत होते, यंत्राकडे बघावं तसे.

"किती वेळ जळतो?"

"तेल घालत राहिलं, की जळत राहतो."

त्यांनी बाटलीला टोपण लावलं, पण कपाटात परत ठेवली नाही.

*मेसईद*

त्याच रात्री मुक्कामावर येऊन मी पत्र लिहिलं आणि त्याचा फोटो साहेबांना पाठवला. उत्तर आलं नाही. पुढचे दिवस कागदपत्रं आवरताना मी फोन सारखा उलटसुलट करत होतो.

मेसईदला परतलो, तर वर्कशॉपमध्ये साहेबांचं हेल्मेट खुंटीवर होतं, चहाचा मग पालथा घातलेला, खाली त्यांचे भलेमोठे सेफ्टी बूट. केरळी पोरांतला एक म्हणाला, "साब तो चला गया. अचानक छुट्टी लिया. आपको बोला है, पंप देखना." मी जाऊन आधी पंप पाहिले.

मी पाठवलेलं ते पत्र इंग्रजीत होतं. इथे मराठीत देतो.

आदरणीय पाव्हेलसाहेब,

तुम्ही दोन ओळी लिहायला सांगितल्या होत्या. जास्त होतील. क्रम तुमचाच ठेवला आहे.

पाहिलेलं: तुमच्या घराण्याच्या दगडावर आईंचं नाव नाही. दगड कोरणाऱ्याला थांबायला सांगितलं आहे. त्या कबरीत आई नाहीत. त्या स्वयंपाकघरात, रेडिओशेजारी फळीवर आहेत. विधी नको, हे त्यांनीच सांगितलं होतं. पाव्हेल आला की दोघांनी मिळून ठेवा आणि मग सूप प्या, असं म्हणाल्या होत्या. तुमच्या वतीने दिवा मी त्यांच्याशेजारी लावला. तुमच्या वडिलांनी तेलाची बाटली ओट्यावरच ठेवली आहे.

मोजलेलं: दाराशी निळ्या सपाता आहेत. वडिलांनी मला त्या घालू दिल्या नाहीत. निघताना त्यांची पाठ होती तेव्हा मी पाय शेजारी लावून पाहिला. माझ्यापेक्षा दोन मापं मोठ्या आहेत. वडिलांच्या पायालाही त्या सैल होतील.

मत: या.

आपला,
इंजि. बालाजी